प्रेषकाचा पत्ता

शिवगंगाबाई बिराजदारांनी नांदेडच्या टपाल कचेरीत चौतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी पाकिटांवर ठप्पे मारण्यात आणि ती गावोगावच्या थैल्यांत टाकण्यात गेली. कंधार, लोहा, मुखेड, देगलूर, भोकर, कुठल्या वाडीचं टपाल कुठल्या थैलीत जातं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण त्यातलं एक गाव धड पाहिलं असेल तर शपथ. कंधार म्हणजे त्यांच्या लेखी तिसऱ्या खणातली थैली. तशा लग्नाकार्याला त्या कुठंकुठं जाऊन आल्या होत्या, पण लग्नाला गेलेल्या बाईला गाव दिसत नाही. तिला मांडव दिसतो आणि आपल्या पातळाकडं बघणाऱ्या बायका दिसतात.

निवृत्त झालेल्या बाईनं भजनी मंडळात जावं आणि गुडघ्यांना तेल चोळावं असं आपल्याकडं ठरलेलं आहे. शिवगंगाबाईंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, मिसरूड फुटणाऱ्या पोरांच्या रांगेत बसून गाडी शिकल्या, आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर चार महिन्यांच्या आत लातूरला जाऊन एक जुनी कॅम्परव्हॅन घेऊन आल्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. तो असता तर नको म्हणाला असता आणि आपण ऐकलंही असतं, हे त्या मनाशी कबूल करायच्या. चारचौघांत बोलून दाखवायच्या नाहीत एवढंच.

गाडी होती कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या विरूपाक्ष सरांची. सरांनी ती मोठ्या हौसेनं बांधून घेतली होती. आत पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायची मोरी, भिंतीला मिटणारं टेबल, डोक्यावर इवलासा पंखा. प्रत्येक वस्तू त्यांनी दोनदा उघडून आणि दोनदा मिटून दाखवली. सगळं दाखवून झाल्यावर त्यांनी विचारलं, बरोबर कोण येणार? कुणी नाही, असं शिवगंगाबाई म्हणाल्या तेव्हा सरांनी आधी घराच्या खिडकीकडं पाहिलं आणि मग आवाज खाली आणला. त्यांनीही गाडी एकट्यानं फिरायलाच केली होती. पहिल्या खेपेला बायको म्हणाली, मी येते. दुसऱ्या खेपेला बायकोच्या दोन बहिणी आल्या. तिसऱ्या खेपेला आत सात माणसं होती आणि सर रोज सकाळी सात जणांचे पोहे करत होते. त्यांनी किल्ली हातावर ठेवली आणि एकच सल्ला दिला, "बाई, आत तिघं झोपू शकतात हे कुणाला कळू देऊ नका."

घरी गाडी आली तेव्हा मुलगा दयानंद दारात डोक्याला हात लावून बसला. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता आणि ज्या गाडीनं नांगरट होत नाही ती गाडी माणूस का घेतो हे त्याला समजत नव्हतं. त्याच आठवड्यात त्यानं एक गिऱ्हाईकही गाठलं. एका मंडपवाल्याला ती गाडी लग्नात नवरी नटवायला हवी होती. आईनं एकदा हो म्हणायचा अवकाश, तो नेऊनच टाकणार होता.

सून तनुजा मात्र वेगळं बोलली. ती एका क्लासच्या ऑफिसात नोकरी करायची, घरचं बघायची, लेकीचा, सृष्टीचा, अभ्यास घ्यायची आणि तोंडातून शब्द मोजून काढायची. ती म्हणाली, "आई, तुम्ही जा. आठ दिवस फिरून या. पण लोक तुम्हाला काही म्हणणार नाहीत, मला म्हणतील. सासूला घराबाहेर काढलं म्हणतील. आठ दिवसांत मला एकानं जरी बोल लावला, तर आल्यावर गाडी मंडपवाल्याला द्यायची." शिवगंगाबाईंना अट अगदीच सोपी वाटली. कोण कशाला बोल लावतंय? त्यांनी लगेच कबूल केलं, आणि दयानंदनं मंडपवाल्याला आठ दिवस थांबायला सांगितलं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सोमवारी सकाळी त्या निघाल्या. आणि निघता निघता जी चूक केली ती टपालखात्यातल्या माणसाखेरीज कुणाच्या हातून झाली नसती. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती. ज्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नाही ते वाटेत अडलं की कायमचं अडलं. ज्याच्यावर पत्ता आहे ते कधी ना कधी घरी येतंच. म्हणून वाटेत एका रेडियमवाल्याकडं थांबून त्यांनी गाडीच्या मागं ठळक अक्षरांत लिहून घेतलं: प्रेषक, शिवगंगा बिराजदार, नांदेड. काही अडचण दिसल्यास घरी कळवावे. खाली फोन नंबर. रेडियमवाला म्हणाला, तुमचाच नंबर टाकू ना? शिवगंगाबाईंनी त्याची कीव केली. त्यांचा फोन तर त्यांच्याजवळच असणार. हरवलेल्या पाकिटावर त्याच पाकिटाचा पत्ता कुणी लिहितं का? दयानंद शोरूममध्ये फोन उचलत नाही, म्हणून त्यांनी तनुजाचा नंबर दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या वेळी बाई आपल्या हुशारीवर खूश होत्या.

पहिला दिवस कंधारचा. किल्ला बघितला, खंदकाच्या कडेनं चालल्या, तिसऱ्या खणातल्या थैलीत एवढं मोठं काही असेल याची त्यांना कल्पना नव्हती. दुपार कलल्यावर गावाबाहेर एका हरभऱ्याच्या रानाशेजारी गाडी लावली आणि टेबल उघडलं. कुकरला शिट्टी यायच्या आत कडब्याची पेंढी डोक्यावर घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. गाव कोणतं, कुणाच्या तुम्ही, लेकरं किती, हे सगळं रीतसर झालं. मग तिनं गाडीत डोकावून विचारलं, "संगं कोण हाय?"

"कुणी न्हाई. एकटीच हाय. फिरायला आले."

बाईनं पेंढी खाली टाकली. फिरायला म्हणजे कुणाकडं? कुणाकडंच नाही. मग देवाला? देवालाही नाही. घरी समदे ठीक? ठीक. सून? सूनही चांगली आहे. "असंच म्हणतेत," ती बाई म्हणाली आणि शिवगंगाबाईंचा कुकर तसाच उचलून चालू लागली. कुकरच्या मागं जाण्यावाचून इलाज नव्हता.

त्या रात्री शिवगंगाबाईंना भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर दुधाचा पेला मिळाला. झोपायला गाडीत जाते म्हटल्यावर घरात हलकल्लोळ झाला. दारात पाहुणी असून गाडीत झोपली तर गाव आमच्या तोंडात शेण घालील, असं घरधनी म्हणाला. मग मधल्या खोलीत, दोन नातींच्या मधोमध, घोरणाऱ्या आजीच्या पायथ्याशी त्यांची पथारी पडली. सकाळी निघताना घरच्या बाईनं त्यांचे हात हातात घेऊन सांगितलं, घरोघरी मातीच्या चुली, मन मोठं करा आणि परत जा. शिवगंगाबाई म्हणाल्या, अवो, मी भांडून आलेली नाही. त्यावर ती बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली की तुमच्यासारखी सोशीक सासू पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई शहाण्या झाल्या. खरं बोलून भागत नाही हे कळलं होतं. मुखेडच्या रस्त्याला एका गावात विचारपूस सुरू होताच त्यांनी ठोकून दिलं की नवस आहे. नवस म्हटल्यावर बायकांचे चेहरे लगेच खुलले. एकटी बाई नवसाला जाते, त्यात काही वावगं नाही. मात्र कुठल्या देवाचा हे शिवगंगाबाईंनी ठरवलं नव्हतं. घाईत त्या महादेव म्हणाल्या. कुठला महादेव? बाई आठवू लागल्या तेवढ्यात बायकांनीच दोन गावं पलीकडचा एक कडक महादेव नेमून दिला. वर त्यांचेही नवस राहिलेलेच होते. पाचव्या मिनिटाला तीन जणी नारळ घेऊन गाडीत बसल्या, आणि पलंग बघून एक जण म्हणाली, यावर तिघी मावतात की. त्या दिवशी शिवगंगाबाईंनी न बोललेला नवस फेडला, तिघींना गावी परत सोडलं, आणि त्यांच्याच घरी मुक्काम केला.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, सर्व्हे आहे. गाडी पांढरी, बाई चष्म्याची, बोलणं कचेरीतलं. गावानं विश्वास ठेवला, आणि इथंच घात झाला. अर्ध्या तासात गाडीपुढं रांग लागली. कुणाचा घरकुलाचा हप्ता अडलेला, कुणाचा निराधारचा पगार बंद, कुणाच्या आधार कार्डावर वडलांच्या जागी आजोबा. शिवगंगाबाईंना वाटलं, खरं सांगून टाकावं. पण चौतीस वर्षं खिडकीमागं बसलेल्या बाईला समोर रांग दिसली की हात आपोआप पेनाकडं जातो. त्यांनी मिटणारं टेबल उघडलं आणि संध्याकाळपर्यंत चाळीस अर्ज भरून दिले. अर्ज कुणाकडं द्यायचे, कुठली सही राहिली, पावती मागून घ्यायची, सगळं समजावलं. पाठ मोडून आली. एकटीनं फिरायला निघून तीन दिवस झाले होते, आणि या तीन दिवसांत त्यांना नहाणीखेरीज एकांत मिळाला नव्हता. बाईंना स्वतःचाच राग आला आणि जरा रडूही आलं.

रोज संध्याकाळी त्या घरी फोन लावायच्या. तनुजा म्हणायची, सगळं ठीक आहे आई, तुम्ही फिरा. कुणी काही म्हणालं का, असं विचारलं की म्हणायची, कोण म्हणणार? आवाज तेवढा दमलेला असायचा. सृष्टीची परीक्षा असेल, असं म्हणून शिवगंगाबाई फोन ठेवायच्या.

चौथ्या दिवशी देगलूरच्या रस्त्यावरून आत वळून त्या चिंचाळवाडीला पोचल्या. गावाला छोटा तलाव होता, काठाला बाभळी होत्या, पाण्यात पाणकोंबड्या होत्या. बाईंनी तलावापासून थोडं अलीकडं, गावातल्या चिंचेखाली गाडी लावली आणि मनाशी पक्कं केलं की आता खरंही बोलायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. तोंडच उघडायचं नाही. नागुबाई नावाची म्हातारी काठी टेकत आली, तिनं सगळे नेहमीचे प्रश्न विचारले. शिवगंगाबाई नुसत्या हसल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा हसल्या. तिसऱ्यांदा नागुबाईनं काही विचारलं नाही. ती गावात गेली आणि जो भेटेल त्याला सांगत सुटली, "लई सोसलंय बाईनं. वाचाच बसलीया."

खोटं बोलून झालं नव्हतं एवढं काम न बोलून झालं. तासाभरात गावचे म्होरके नरसिंगराव चार माणसं घेऊन आले. सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला पटका, बोलण्यात कानडीचा हेल. आजवर त्यांनी रुसून आलेली अकरा माणसं समजूत घालून घरी धाडली होती आणि बारावं माणूस दारात चालून आलेलं बघून त्यांना हुरूप आला. त्यांनी गाडीला फेरी मारली आणि मागची अक्षरं मोठ्यानं वाचली. काही अडचण दिसल्यास घरी कळवावे. अडचण तर दिसतच होती. नंबर लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला. नरसिंगरावांनी तिला सुनेचा धर्म काय असतो ते पाच मिनिटं सांगितलं. ती हाव म्हणाली, बरं म्हणाली, आणि फोन बंद झाला. नरसिंगराव म्हणाले, सून खट आहे, पोराला गाठलं पाहिजे.

आता नांदेडातल्या शिवगंगा बिराजदारांचा लेक कोण हे चिंचाळवाडीत कसं कळावं, असं एखाद्या पुण्याच्या माणसाला वाटेल. नरसिंगरावांना तीन फोन पुरले. बिराजदार म्हटल्यावर त्यांच्या साडूचे उदगीरचे व्याही आठवले. व्याह्यांच्या पुतणीचं सासर शिवगंगाबाईंच्या मावसबहिणीच्या भावकीत निघालं. त्या मावसबहिणीच्या पोरानं दयानंदचा नंबर तर दिलाच, वर दयानंदनं आपल्याला ट्रॅक्टरचा चुकीचा टायर विकल्याची तक्रारही सांगून घेतली. नरसिंगरावांनी दयानंदला हुकूम सोडला की उद्या सकाळी बायकोला घेऊन यायचं, आणि येताना साडीचोळी आणायची. रुसलेलं बाईमाणूस रिकाम्या हातानं नेत नसतात.

हे शिवगंगाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी मौन सोडलं, पण फार उशीर झाला होता. मी रुसलेली नाही, असं त्या नागुबाईच्या ओसरीवर बसून पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ओसरीवरच्या बायका मान डोलावून त्यांना आणखी भाजी वाढत होत्या. अट मोडली होती. आता गाडी जाणार, तिच्यात नवऱ्या नटणार, आणि आपण जन्मभर गुडघ्यांना तेल चोळणार. आणि एवढं सगळं होऊन आपण फिरलो कुठं? चार गावांच्या मधल्या खोल्या बघितल्या.

सकाळी नऊला दयानंदची मोटारसायकल चिंचेखाली येऊन थांबली. मागं तनुजा, तिच्या मांडीवर साडीची पिशवी. गावातली माणसं आधीच पारावर जमली होती, बायका कडेनं उभ्या होत्या. सतरंजी अंथरली होती. चहा आला. नरसिंगरावांनी खाकरून सुरुवात केली. आधी शिवगंगाबाईंना विचारलं की काय तक्रार आहे ती बेलाशक सांगा, इथं कुणाला भ्यायचं कारण नाही.

"माझी काही तक्रार न्हाई," शिवगंगाबाई म्हणाल्या. "लेक चांगला, सून चांगली. मला हिंडायचं होतं म्हणून निघाले."

"तक्रार नसताना बाई घर सोडंल कशी?" नरसिंगरावांनी विचारलं, आणि ते छळायला विचारत नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. पारावर बसलेल्या कुणालाच कळत नव्हतं. "माणूस कामाला जातंय, देवाला जातंय, लेकीकडं जातंय. यातलं काहीच न्हाई, तर मग रुसूनच जातंय की."

नरसिंगरावांनी मग मोर्चा सुनेकडं वळवला. काल आपण एवढं समजावलं तर फोन कापला, हे कुठल्या घरचं वळण? कडेच्या बायकांतून दोघीतिघी बोलल्या. आजकालच्या पोरींना सासू नको, पगार पाहिजे. सासूच्या डोईवरचं छत्र काढलं आणि पत्र्याच्या डब्यात बसवून दिलं. तनुजा खाली मान घालून ऐकत होती. दयानंद उभा राहिला. तनुजाला आलेल्या फोनबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"तुला काल फोन आलता?" त्यानं तनुजाला विचारलं.

"हाव."

"अजून कुणाचे आले?"

"सत्तावीस आलेत," तनुजा म्हणाली. "सोमवारी संध्याकाळपासून येऊन राहिलेत. कंधारच्या एका बाईचे रोज दोन येतात. ती आता माझं नाव घेऊनच शिव्या देते."

दयानंदनं गाडीच्या मागं जाऊन ती अक्षरं वाचली आणि आईकडं पाहिलं. शिवगंगाबाईंना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपण आरामात हिंडत होतो, निदान हिंडायची खटपट करत होतो, आणि आपल्या हिंडण्याचे सगळे बोल ही पोर घरी बसून झेलत होती. वर आपणच तिचा नंबर मोठ्या अक्षरांत जिल्हाभर मिरवला. अट तर पहिल्याच दिवशी मोडली होती.

दयानंदला मात्र वाट सापडली. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की झालं ते झालं, आता गाडी मंडपवाल्याला द्यायची, आई घरी येईल, प्रश्नच मिटला. नरसिंगरावांनी मान डोलावली. ते तनुजाला म्हणाले की सासूच्या पाया पड, साडी दे, आणि घेऊन जा घरला. बारावं माणूस घरी चाललं म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता.

तनुजानं साडीची पिशवी सतरंजीवर ठेवली आणि ती उठून उभी राहिली.

"अट मी घातलती. मोडली म्हणून सोमवारीच सांगू शकले असते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "न्हाई सांगितलं. म्हटलं, आपल्या घरातल्या एका तरी बाईला असं उठून जाता येतंय का, बघू. रोज फोन आला की शिव्या खायची आणि मनात म्हणायची, आज चौथा दिवस झाला, अजून चार राहिले."

"मग मला का बोलली न्हाईस?" दयानंदनं विचारलं.

"तुम्ही गाडी विकली असती म्हणून." तिनं शिवगंगाबाईंकडं पाहिलं. "समदे म्हणतेत आई रुसल्या. आई कशाला रुसतील? रुसायचं तर मला होतं. कवापासून. पण रुसायला माहेर लागतंय. माझे आईबाप गेले, भाऊ पुण्याला दोन खोल्यांत राहतोय. म्या रुसून जाऊ तर कुठं जाऊ?"

असं म्हणून ती सरळ गाडीकडं गेली, आत चढली आणि दार लावून घेतलं. खिडकीची काच थोडी सरकली आणि आतून आवाज आला, "सृष्टीचे बाबा, मंडपवाल्याला फोन लावा. मला ऐकू येईल अशा आवाजात न्हाई म्हणून सांगा."

दयानंदनं आईकडं पाहिलं, नरसिंगरावांकडं पाहिलं, मग खिशातून फोन काढला आणि खिडकीशी उभा राहून मंडपवाल्याला नाही म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा आतून आवाज आला की मोठ्यानं.

शिवगंगाबाई जागच्या जागी उभ्या होत्या. नऊ वर्षं ही मुलगी आपल्या घरात आहे, आपल्याला ती चांगली वाटते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपण तसं सांगतोही. पण चांगली वाटणं वेगळं आणि आवडणं वेगळं. त्या सकाळी, चिंचेखाली, त्यांना आपली सून पहिल्यांदा आवडली, आणि एवढी आवडली की डोळ्यांत पाणी आलं. त्या खिडकीपाशी गेल्या. तनुजा पलंगावर आडवी झाली होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"आई, थोडं पडते," ती म्हणाली. "कुणी मला उठवू नका."

शिवगंगाबाई मागं वळल्या आणि जमलेल्या गावाला म्हणाल्या, "तिला झोपू द्या. दाराला कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय."

दाराला कुणी हात लावला नाही. पण चिंचाळवाडीनं स्वस्थ बसावं अशी काही सोय नव्हती, कारण समोर एक बाई खरोखरच रुसली होती. कालपासून अंदाजावर चाललेलं काम आता पुराव्यासकट हाती आलं होतं. नरसिंगरावांनी पटका सारखा केला, सतरंजी गाडीजवळ ओढून घेतली आणि नव्यानं बैठक बसवली. आता जाब द्यायची पाळी दयानंदची होती. सकाळी घरातून किती वाजता निघतोस, पाणी कोण भरतं, भाजी कोण आणतं, बायकोला शेवटचं कधी बाहेर नेलंस, असे प्रश्न सुरू झाले. मघाशी पोरींना पगार पाहिजे म्हणणारी बाई आता पुरुषमाणसाला काय कळतंय म्हणत होती. नागुबाईनं साडीची पिशवी उचलून दयानंदच्या हातात दिली आणि त्याला खिडकीखाली उभं केलं, जाग आल्यावर आधी साडी दिसली पाहिजे म्हणून. तो उन्हात साडी धरून उभा राहिला. घरोघरून ताटं निघाली आणि सगळी गाडीकडं चालली.

शिवगंगाबाईंकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्या दोन पावलं मागं सरल्या. कुणी वळून पाहिलं नाही. आणखी चार पावलं सरल्या. मग त्या सरळ पाठ फिरवून हरभऱ्याच्या बांधावरून चालत सुटल्या आणि तलावाच्या पाळीवर जाऊन एका बाभळीखाली बसल्या. चपला काढल्या. पाण्यात पाणकोंबडी बुडी मारायची आणि भलतीकडंच वर यायची. कुठं वर येते ते त्या बघत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांचा अंदाज चुकला. मागून गावाचा गलका ऐकू येत होता. उन्हं डोक्यावर आली, पोटात कावळे ओरडू लागले, आणि जेवायला चला म्हणायला एक माणूस फिरकलं नाही. शिवगंगाबाई मांडी बदलून तशाच बसून राहिल्या.